सुरंगवाडीत कोणी राहत नाही

माझ्या मुलाला भेटायला एक पैसेवाल्या बाई येणार होत्या आणि त्यांना म्हणे त्याच्या आईलाही भेटायचं होतं. सोयरिकीचं काही असेल म्हणून मी हरखले, पण नेल्सनने फोनवरच माझ्या आनंदावर पाणी ओतलं.

"लग्नाचा नाय गो मम्मी. बाई इन्व्हेस्टर आसत. तेंची पद्धत तशी. कागदापेक्षा माणूस बघतत."

"मग बघांदेत. माका काय धाड भरली?"

"फक्त बोलशीत कमी. हसान बस."

जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईला तिचा मुलगा सांगतो, बोलू नकोस, हसून बस. मी फोन आपटणार होते. पण आईचं डोकं कितीही तापलं तरी मुलापुढे किती वेळ तापणार?

नेल्सनचा धंदा मला कळला तसा सांगते. हल्ली जो तो मोबाइलला प्रश्न विचारतो आणि मोबाइल शहाण्या माणसासारखं उत्तर देतो. ते उत्तर मोबाइलच्या पोटातून येत नाही. कुठेतरी अवाढव्य इमारतीत हजारो यंत्रं रात्रंदिवस तापत बसलेली असतात, ती विचार करतात. त्यांना चालवायला वीज लागते आणि थंड ठेवायला पाणी. अशी इमारत बांधायची आणि मोठ्या कंपन्यांना भाड्याने द्यायची, हा नेल्सनचा बेत. पहिली इमारत त्याला आमच्या सुरंगवाडीच्या वरच्या सड्यावर उभी करायची होती. तो सडा म्हणजे नुसता कातळ. पावसाळ्यात गवत आणि गुरं, बाकी वर्षभर वारा.

मला त्या यंत्रांचं काडीचंही कौतुक नव्हतं. मला माझा झील, माझा मुलगा, घरी हवा होता. त्याचे पप्पा प्लासिद गेल्यापासून एवढ्या मोठ्या घरात मी एकटी. "सड्यार काम सुरू झाला काय मी हंयच रवतलंय," असं तो एकदा बोलून गेला आणि मी कामाला लागले. घरावर त्याच्यासाठी खोली चढवली, एसी बसवला, त्याचे जुने कपडे धुऊन कपाटात रचले. गावात घरोघर जाऊन सांगितलं, "सड्यार होतला, खाली कोणाक त्रास नाय." आमचा शेजारी सत्यवान देवळाचा मानकरी. त्याच्या शब्दाला गावात वजन. तो मान हलवत म्हणाला, "नेल्सन आपलो, म्हणान मी गप रवतंय. भायरचो असतो तर पायरी चढाक दिलंय नसतंय."

आणि नेल्सन आपलाच आहे याची मला खात्री होती, कारण तो गावपळणीला आला होता.

बाहेरच्यांना गावपळण सांगितली की ते तोंडाकडे बघत राहतात. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवतेला कौल लावतात. कौल झाला की ठरल्या दिवशी सगळं गाव वेशीबाहेर पडतं. माणसं, म्हातारी, तान्ही पोरं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. घरांना कड्या लागतात. दिवा नाही, चूल नाही, विहिरीला रहाट नाही. तीन दिवस, तीन रात्री गाव देवाचं. आम्ही खाडीपलीकडे माडाच्या झापांच्या खोपी घालून राहतो, रांधतो, गातो, भांडतो. मग पुन्हा कौल लावायचा आणि देवाने हो म्हटलं की परतायचं. आम्ही ख्रिस्ताव, पण कौल झाला की आम्हीही निघतो. माझ्या सासूने यात कधी शंका काढली नाही, मीही काढली नाही.

नाताळाच्या आधी झालेल्या या पळणीला नेल्सन कितीतरी वर्षांनी आला. त्याच्याआधी दर आठवड्याला त्याचा फोन, "कौल झालो काय गो? तारीख कळली काय?" मी शेजारीपाजारी सांगत सुटले होते, पोराला गाव कसा आठवतो बघा. खोपीत तो माझ्याशेजारी झोपला, सत्यवानाच्या हातचं तिखटजाळ सुकं खाऊन त्याच्या नाकातून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी गावावर आकाशात काहीतरी भिरभिरताना दिसलं. पोरं नाचायला लागली. नेल्सन म्हणाला, "ड्रोन तो. खंयतरी लग्नाचा शूटिंग असतला." पोरांनी त्याला हात हलवून दाखवले. मीही हलवला.

तर त्या बाईंना भेटायला मी तोंडवलीला गेले. नेल्सनने तिथल्या एका रिसॉर्टमध्ये बैठक ठेवली होती. घरी का नाही, विचारलं तर म्हणाला, घरी प्रोजेक्टर नाही. मी दोदोल करून नेलं होतं. गूळ आणि नारळाचं दूध सकाळभर ढवळून खांदा दुखत होता, पण डबा उघडल्यावर वास असा सुटला की स्वयंपाक्याने मान वर केली.

बाईंचं नाव तेजस्वी. पुण्याच्या, चाळिशीच्या, सुती साडीखाली खेळाचे बूट घातलेल्या. त्यांच्याबरोबर समर्थ नावाचा त्यांचा इंजिनिअर होता. बाई मला आवडल्या. वाकून नमस्कार केला आणि पहिला प्रश्न विचारला, "आंटी, बेंगळुरूची हवा मानवली का?"

मी गेल्या वर्षी मोतीबिंदूसाठी महिनाभर नेल्सनकडे राहिले होते. ते यांना कसं कळलं, असं मनात आलं, पण बोलले, "मानवली की. थंडी जरा बोचते."

"दोदोल घ्या ना," नेल्सन मध्येच म्हणाला आणि डबा पुढे सरकवला.

जेवताना तेजस्वी मॅडमनी त्यांचा धंदा मला इतक्या सोप्या भाषेत सांगितला की मी त्यांना शाळेत नोकरी दिली असती. "आंटी, सगळे हुशार यंत्राच्या मागे धावताहेत. पण यंत्रातली चिप दोन-तीन वर्षांत जुनी होते. आज जी कंपनी पहिली, ती उद्या पाचवी. जुनं होत नाही ते काय? जमीन, वीज, पाणी. ज्याच्याकडे हे तीन आहेत, त्याच्या दाराशी सगळ्यांना यावंच लागतं. आम्ही पैसे त्यात घालतो."

"आणि माणसं?" मी विचारलं.

"माणसं तर सगळ्यात महत्त्वाची. म्हणून तर नेल्सन. कागद कोणीही रंगवतं, आम्ही त्याच्यामागचा माणूस बघतो." त्यांनी नेल्सनच्या पाठीवर थाप मारली. नेल्सन घामाघूम झाला होता. आज सही झाली नाही तर त्याची कंपनी बुडणार, हे त्याने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, म्हणून मला त्या घामाचं नवल वाटलं नाही. मी मनातल्या मनात सायबाला, आमच्या देवाला, हात जोडले.

जेवण आटोपल्यावर नेल्सन म्हणाला, "मम्मी, तू भायर बस. वारो आसा."

"बसू दे ना इथेच," तेजस्वी मॅडम म्हणाल्या. "त्यांचाच भाग आहे, त्यांना बघायला मजा वाटेल."

नेल्सन डब्याचं झाकण लावत बसला. समर्थने पडद्यावर चित्र लावलं.

पहिल्यांदा सडा दिसला. काळा कातळ, वाळलेलं गवत, पलीकडे समुद्र. आपलं गाव वरून पाहण्याची हौस कोणाला नसते? मी खुर्ची पुढे ओढली. चित्र उताराने खाली आलं. आंब्यांची झाडी, सत्यवानाचं कौलारू घर, आमची पाणंद, विहीर. मग आमचं अंगण, त्यातला चुना लावलेला क्रूस, आणि नेल्सनच्या नव्या खोलीचा निळा पत्रा.

मी "अगो बाय!" म्हणून टाळी वाजवणार होते. तेवढ्यात लक्षात आलं की चित्रात कोणीच नाही. अंगणात कोंबडी नाही. विहिरीवर घागर नाही.

समर्थ सांगत होता, "तीन दिवस सलग उड्डाणं केली. माणसं शून्य, वाहनं शून्य, गुरं शून्य. रात्री उष्णतेची छायाचित्रं घेतली, एकाही घरात चूल किंवा दिवा नाही. मोबाइलही चालू नाही. आमचं मॉडेल दोरीवरचे कपडेसुद्धा मोजतं, त्यावरून घरात किती माणसं राहतात याचा अंदाज येतो. इथे एकही कपडा नाही. निष्कर्ष, सोडून दिलेली वस्ती."

पुढच्या चित्रात आमचं गाव निळं झालं. विहिरीपासून आंब्यांपर्यंतचा सगळा खोलगट भाग, सत्यवानाचं घर, माझं घर, क्रूस, सगळं एका निळ्या रंगाखाली.

"हा तलाव," समर्थ म्हणाला. "सड्यावर पाणी नाही, पाणी या खोलगट भागात आहे. इमारत वर, थंड करायचं पाणी खाली."

"आणि म्हणूनच ही जागा," तेजस्वी मॅडम माझ्याकडे वळून उत्साहाने म्हणाल्या. "कागदावर नावं आहेत, पण नेल्सनने सांगितलं, कोकणात नावं गावात आणि माणसं मुंबईत. ते खरंच आहे, किती घरं नुसती गणपतीला उघडतात. आमचा नियम आहे, आंटी, राहत्या माणसाला उठवून आम्ही काही बांधत नाही. दुसऱ्या दोन जागा त्यासाठीच सोडल्या. इथे कोणाला उठवायचंच नाही."

आणि मी हसले. आज आठवलं की अंगावर काटा येतो, पण मी खरोखर खो खो हसले. केवढी गंमत, एवढी शिकलेली माणसं आणि त्यांचं ते मॉडेल, आणि फसले कशाला, तर आमच्या पळणीला!

"अहो, ही तर गावपळण!" मी म्हणाले. "आम्ही सगळे खाडीपलीकडे होतो. कोंबड्यासुद्धा नेल्या होत्या. तुमचा तो ड्रोन आम्ही पाहिला की, हात केला त्याला!" आणि मी त्यांना सगळं सांगितलं. कौल, कड्या, खोपी, सगळं. सांगता सांगता माझं हसू कमी होत गेलं, कारण समोर कोणी हसत नव्हतं.

समर्थने चष्मा काढला. तेजस्वी मॅडमच्या हातात सोलकढीचा पेला होता, तो त्यांनी टेबलावर ठेवला तो कलंडला. गुलाबी ओघळ साडीवर आला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"किती माणसं राहतात तिथे?"

"चारशेच्या वर डोकी असतील. गुरं सोडून."

"चारशे," त्या म्हणाल्या. "आज मी सही करणार होते. चारशे माणसांच्या घरावर मी आज तलाव..." मग त्या नेल्सनकडे वळल्या. "नेल्सन, हे तुला माहीत होतं?"

नेल्सनने पाण्याचा घोट घेतला. अगदी शांतपणे, स्वच्छ पुस्तकी मराठीत तो म्हणाला, "नाही. मी दहावीनंतर बाहेरच आहे. या जुन्या चालीरीती मला ठाऊक नाहीत. दुर्दैवी योगायोग म्हणायचा."

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकले. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तेच तोंड, जे मी खोपीत पदराने पुसलं होतं, तिखटाने लाल झालेलं. दर आठवड्याचा फोन माझ्या कानात वाजायला लागला. कौल झालो काय गो? तारीख कळली काय? पोराला गाव आठवत नव्हता. पोराला गाव रिकामा कधी होतो ते हवं होतं. आणि ते त्याला मीच, त्याच्या आईने, मोठ्या कौतुकाने कळवलं होतं.

यंत्र चुकलं असं मी समजत होते. यंत्राची काही चूक नव्हती. बाहेरच्या कुठल्याच माणसाला ते तीन दिवस सुचले नसते. ते सुचायला सुरंगवाडीतच जन्म घ्यावा लागतो.

तेजस्वी मॅडम मूर्ख नव्हत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, "आंटी, त्या दिवसांत नेल्सन कुठे होता?"

नेल्सन माझ्याकडे बघत होता. लहानपणी बरणी फोडली की पप्पांसमोर उभा राहून तो असाच बघायचा आणि मी म्हणायचे, मांजराने पाडली. दर वेळी म्हणायचे. आताही एकच शब्द पुरला असता. बेंगळुरूला. बाई कदाचित तलाव दुसरीकडे हलवतील, सही होईल, कंपनी वाचेल आणि माझा झील वरच्या खोलीत येऊन राहील, हे सगळं मला त्या क्षणात लख्ख दिसलं. आणि कदाचित त्या तलाव हलवणार नाहीत, हेही दिसलं. सत्यवानाचं ते वाक्य आठवलं. नेल्सन आपलो, म्हणान मी गप रवतंय.

"माझ्याशेजारी होता," मी म्हणाले. "खोपीत. तिन्ही दिवस."

तेजस्वी मॅडमनी समर्थला लॅपटॉप मिटायला सांगितला. आवाज न चढवता त्या नेल्सनला म्हणाल्या, "आमची माणसं जाऊन पुन्हा पाहणी करतील. तोपर्यंत सही नाही. आणि त्यानंतरही तुझ्याबरोबर नाही." निघताना त्या माझ्यापाशी थांबल्या. नुसता माझा हात दाबला आणि गेल्या.

आम्ही दोघंच उरलो. सोलकढीचा ओघळ टेबलावरून अजून ठिबकत होता.

"एक शब्द बोललंस नसतंस, तर काय झाला असता?" नेल्सन म्हणाला.

"सत्यवानाचा घर बुडला असता, मेल्या! माझा घर बुडला असता! तुज्या पप्पांनी लावलेलो क्रूस बुडलो असतो!" मी ओरडले. रिसॉर्टचा नोकर दारातूनच मागे फिरला.

"सगळ्यांका पैशे गावतले होते, बरे गावतले होते. आणि तुजा घर तुका कित्याक होया? तू माझ्याकडे बेंगलोराक येतलस. तुजी खोली तयार आसा, बाथरूमात धरूक दांडो पण लावन घेतलंय. तेंका पण मी तसाच सांगलंय, मम्मी माझ्याकडेच आसता म्हणान."

हवा मानवली का, हे बाईंनी का विचारलं, ते मला आत्ता कळलं.

"आणि तू हंय येतलस म्हणान मी वर खोली बांधलंय, ती?"

नेल्सन खुर्चीवरून उठला. मग माझ्याजवळ येऊन बसला. चिडून बोलला असता तर मी त्याला एक ठेवून दिली असती. पण तो अगदी मायेने, आजाऱ्याला समजवावं तसा म्हणाला, "हंय येवन मी काय करू गो, मम्मी?"

मला सगळ्यात जास्त कशाचा धक्का बसला असेल तर या प्रश्नाचा. तो खोटं बोलला त्याचाही नव्हे. मी त्याची वाट बघत वर खोली चढवत होते आणि तो माझी वाट बघत तिकडे दांडा लावून घेत होता, आणि आम्ही दोघांनी एकमेकांना एकदाही विचारलं नव्हतं.

तो विमानतळावर गेला, मी रिक्षाने गावात आले आणि तशीच सत्यवानाच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. तो ओरडेल, शिव्या घालेल अशी माझी तयारी होती. तो ओट्यावर बसला आणि गुडघ्यांवर हात ठेवून बघत राहिला. "माझ्याच ताटात जेवलो गो तो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याची बायको सीता आतून पाणी घेऊन आली आणि तिने पेला आधी मला दिला. तिथे मात्र मला रडू फुटलं.

महिन्याभराने तेजस्वी मॅडमचा फोन आला. पाहणीचा दिवस त्यांनी आपणहून कळवला, म्हणाल्या, तुमच्यापासून लपवून आता काही करायचं नाही. सत्यवानाने गावात दवंडीच पिटली. त्या दिवशी कोणी बाजाराला जायचं नाही, कोणी कुणकेश्वराच्या दर्शनाला जायचं नाही, चाकरमान्यांनाही बोलवा. गावपळणीला गाव असं एका हाकेवर बाहेर पडतं, तसं त्या दिवशी ते एका हाकेवर घरी थांबलं.

आणि थाट काय विचारता! सीतेने अंगणात चूल मांडली आणि धूर जास्त व्हावा म्हणून ओला पाला घातला, मग स्वतःच ठसकत बसली. म्हाताऱ्यांना खुर्च्यांसकट बाहेर आणलं. कोणी म्हशीला रंगवलं, कोणी गणपतीतल्या माळा भर दुपारी पेटवून ठेवल्या. पोरं कौलांवर चढली होती आणि आया खालून कोकलत होत्या. इतक्या दिवसांनी मी हसले.

मी अंगणात दोरी बांधली. समर्थ म्हणाला होता, त्यांचं मॉडेल कपड्यांवरून माणसं मोजतं. माझे दोन गाऊन आणि एक टॉवेल वाळत घातला. दोरी बरीच रिकामी राहिली. मी तिच्याकडे बघत उभी राहिले, मग जिना चढून वर गेले. त्याचा फोन महिनाभर आला नव्हता, मीही केला नव्हता. कपाट उघडलं. शर्ट धुतलेले, घड्या घातलेले होते. मी ते खाली आणले, बादलीत पुन्हा भिजवले, पिळले आणि एकेक करून दोरीवर घालत गेले. ऑफिसचे, कॉलेजचे, आणि शेवटी शाळेतला तो खिशावर शाईचा डाग पडलेला.

त्याला चिमटा लावत होते तेव्हा घरघर ऐकू आली. ड्रोन आमच्या क्रूसावर येऊन थांबला होता. पलीकडे सत्यवान दोन्ही हात हलवत होता, सगळा गाव हात हलवत होता. मी वर बघितलं नाही. मी शर्टांच्या बाह्या सोडवल्या आणि वरून नीट दिसतील अशा पसरून ठेवल्या.